भुसा घातला, कल्चर घातलं, तरी गोबर गॅस कमीच: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

डिसेंबर अर्धा सरला की फोन सुरू होतात. देपालपूर, सांवेर, हातोद, महूकडची गावं. तक्रार जवळपास एकाच शब्दांत येते: "दादा, शेणात भुसा घालायला लागलो, पाकिटातले जिवाणूही आणून टाकले. चार दिवस ड्रम चांगला वर आला आणि आता आधीपेक्षाही खाली गेलाय." (ड्रम म्हणजे टाकीवरचं तरंगतं झाकण, गॅस साठला की ते वर येतं.) इंदूरच्या आसपासचे २ ते ६ घनमीटरचे घरगुती प्लांट मी बारा वर्षं दुरुस्त करतोय. हा एकच बिघाड इतक्या वेळा पाहिला आहे की आता फोनवरच पहिले चार प्रश्न ठरलेले आहेत. ते सगळं इथे सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चालू प्लांटमध्ये जिवाणूंची कमतरता जवळपास कधीच नसते, रोजच्या शेणातून ते येतच असतात. टाकीत दोन टोळ्या काम करतात. पहिली टोळी भुसा, पीठ, साखर फोडून त्यांची आम्लं बनवते. दुसरी ती आम्लं आणि हायड्रोजन खाऊन मिथेन, म्हणजे शेगडीत जळणारा गॅस, बनवते. पहिलीची संख्या काही तासांत दुप्पट होते, दुसरीला त्यासाठी कित्येक दिवस लागतात. शिवाय दुसरीला हवा चालत नाही, थंडी सोसत नाही आणि आंबटपणा तर अजिबात सोसत नाही. पहिली पुढे धावली आणि दुसरी मागे राहिली की टाकी आंबते. वरून कितीही पाकिटं ओतली तरी बहुतेकदा ती पहिल्याच टोळीत जाऊन मिळतात.

लक्षणं

- गॅस आठ-दहा दिवसांत हळूहळू कमी झाला. (एका रात्रीत गेला असेल तर जिवाणूंचा विषय सोडा, ती गळती आहे.)
- ड्रम भरलेला दिसतो पण शेगडी नीट पेटत नाही, ज्योत बर्नरवरून उचलली जाऊन विझते. याचा अर्थ गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड जास्त आणि मिथेन कमी.
- बाहेर पडणाऱ्या स्लरीला (टाकीतल्या पातळ शेणकाल्याला) शेणाचा नाही, आंबलेल्या ताकासारखा किंवा सिरक्यासारखा वास येतो.
- स्लरीत भुशाच्या काड्या जशाच्या तशा, पिवळ्या दिसतात. पचलेली काडी काळपट पडते आणि बोटांत चुरली जाते.
- ड्रम फिरवताना अडतो किंवा एका बाजूला कलतो.
- कुंडीत फेस येतो.

यातली दुसरी आणि तिसरी खूण एकत्र दिसली तर आजपासून टाकीत काहीही घालणं बंद करा आणि मगच पुढे वाचा.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

गॅस बनत नाहीये की बनून निसटतोय, हे सगळ्यात आधी. पाइपाच्या प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावा. काडी ओढून बघण्याचा प्रकार कधीही करू नका. मग पाइपातलं पाणी काढा. प्लांटचा गॅस दमट असतो, थंडीत त्यातलं पाणी पाइपाच्या सखल भागात साचतं आणि गॅसची वाट अडवतं. "जिवाणू मेले" म्हणून बोलावलेल्या ठिकाणी मी नुसता पाण्याचा नळ उघडून परत आलोय, असं दर हिवाळ्यात दोन-तीनदा तरी होतं.

त्यानंतर मोजा. शेगडी दिवसाला एकूण किती मिनिटं चालते ते आठवडाभर वहीत लिहा. २ घनमीटरचा प्लांट नीट असेल तर एक साधा बर्नर दिवसाला एकूण चार तासांच्या आसपास चालायला हवा. आकडा लिहिलेला नसेल तर कोणत्या उपायाने काय झालं हे कधीच कळत नाही. सगळ्यांना आठवतो तो पाकीट टाकल्यावर वाढलेला पहिल्या चार दिवसांचा गॅस. तो बहुतेकदा पाकिटासोबत घातलेल्या गुळाचा असतो आणि ढवळल्यामुळे सुटलेल्या जुन्या बुडबुड्यांचा.

आता घरात विचारा. गोठ्यात जनावराला प्रतिजैविकाची इंजेक्शनं चालू होती का? गोठा फिनाइलने धुतलेलं पाणी कुंडीत आलं का? सडके बटाटे टाकले का? आमच्या माळव्यात हा शेवटचा प्रश्न विचारावाच लागतो. बटाट्याचा ढीग सडला की लोक तो गोबर गॅसमध्ये लोटतात. पिष्टमय माल फार लवकर पचतो, म्हणूनच तो धोक्याचा. पुण्याच्या 'आरती' या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी पिठूळ, गोड उरल्यासुरल्या मालावर चालणारा छोटा प्लांट बनवला आणि त्यातून थोड्या मालात भराभर गॅस मिळतो हे दाखवलं, पण तिथे रोजचं माप ठरलेलं असतं. शेणावर चालणाऱ्या टाकीत एकदम ४० किलो बटाटे गेले तर रात्रीतून आम्ल बनतं आणि मिथेनवाल्या टोळीला ते उपसता येत नाही. औषधं चालू असलेल्या जनावराचं शेण उपचार चालू असेपर्यंत आणि नंतरही आठवडाभर वेगळं ठेवा, उकिरड्यात घाला.

शंभर-दोनशे रुपयांच्या तपासण्या

सामूची (पीएचची, म्हणजे आंबटपणा मोजायची) पट्टी आणि एक साधा थर्मामीटर आणा. शाळांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानात दोन्ही मिळतं. स्लरी बाहेर पडायच्या कुंडीतून, ताजी, पाच मिनिटांच्या आत तपासा. आत घालायच्या कुंडीतला सामू काहीच सांगत नाही.

६.८ ते ७.५ असेल तर टाकी ठीक आहे, पुढच्या तपासणीकडे जा. ६.५ ते ६.८ असेल तर भरणं निम्म्यावर आणा, भुसा पूर्ण बंद. ६.५ च्या खाली असेल तर आठ-दहा दिवस उपास, आणि या काळात फक्त दिवसातून दोनदा ढवळणं. बहुतेक टाक्या एवढ्यावरच सावरतात, कारण मागे पडलेल्या टोळीला साचलेलं आम्ल खायला वेळ मिळतो.

सावरत नसेल तर खाण्याचा सोडा. २ घनमीटरच्या प्लांटमध्ये साधारण ४,००० लिटर स्लरी असते. तिला एकूण ३ ते ४ किलो सोडा लागतो. रोज एक किलो कोमट पाण्यात विरघळवून घाला आणि रोज सामू बघा. इंदूरच्या सियागंज बाजारात किलोवर मिळतो. चुना वापरायचा असेल तर फार जपून. सुरुवातीच्या वर्षांत मी एका प्लांटमध्ये पाच किलो चुना एकदम घातला. दुसऱ्या दिवशी ड्रम खाली बसला आणि मी दिवसभर गळती शोधत राहिलो. गळती नव्हतीच. चुन्याने टाकीतला कार्बन डायऑक्साइड शोषला, त्याचा खडू होऊन तळाशी बसला आणि सामू जेमतेम हलला. त्या घरच्या काकूंना दहा दिवस चुलीवर स्वयंपाक करावा लागला. ते मला अजून सलतं, म्हणून आता चुना मी शेवटचा पर्याय धरतो.

तापमानाचं असं आहे की मिथेनवाले ३५ अंशांच्या आसपास खुशीत असतात आणि २० च्या खाली गेले की रेंगाळतात. इंदूरला डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांपर्यंत उतरतो. टाकी जमिनीत असल्यामुळे ती तेवढी गार होत नाही, पण तिच्यात सकाळी सहाला विहिरीच्या टाकीतलं गार पाणी ओतलं तर होते. थंडीत आम्ल बनवणारे कमी आळसावतात, मिथेनवाले जास्त. म्हणून उन्हाळ्यात जे भरणं सहज पचतं तेच जानेवारीत टाकी आंबवतं. उपाय साधे आहेत. शेण-पाण्याचा काला दुपारी दोनला कालवा, पाणी उन्हात तापलेलं घ्या, ड्रमभोवती उसाच्या पाचटाचा किंवा भुशाचा जाड थर द्या, आणि दोन महिने भरणं चौथाईने कमी ठेवा.

भुसा खरोखर पोटात जातोय का?

आता मूळ दुखणं. गव्हाच्या काडीत खाण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते लिग्निन नावाच्या लाकडी चिकट आवरणात बंद असतं. वर मेणाचा पातळ थर. काडी पोकळ, म्हणून ती तरंगते, वर जमते आणि पोपडा धरते. जिवाणू खाली, जेवण वर. कुलूप लावलेल्या कोठारासमोर आणखी शंभर भुकेली माणसं आणून उभी केल्याने कोठार उघडत नाही, आणि पाकीट टाकणं हे नेमकं तेच आहे.

इंदूरजवळच्या देवगुराडियाचा मोठा प्लांट बघून आलेले लोक मला विचारतात, तिथे रोज शेकडो टन कचऱ्यावर गॅस बनतो, मग आमचा का बनत नाही? १९ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झालेला तो प्लांट घराघरातून वेगळा होऊन आलेल्या ओल्या कचऱ्यावर चालतो: भाज्यांची सालं, उरलेलं अन्न. तो माल मऊ आहे. नरवाई (कापणीनंतर शेतात उरलेले खुंट) आणि भुसा ही निराळीच गोष्ट आहे.

तर आधी माप तपासा. २ घनमीटरच्या प्लांटला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं आणि माल ४० दिवस आत राहतो. त्यावर भुसा वाढवला आणि पाणीही वाढवलं की माल लवकर बाहेर ढकलला जातो. पाणी वाढवलं नाही तर काला घट्ट होऊन अडतो. म्हणून १० किलो शेण कमी करा: ४० किलो शेण, २ किलो भुसा, ५८ ते ६० लिटर पाणी. सुरुवात यापेक्षा जास्त भुशाने करू नका. हा २ किलो भुसा नीट पचला तर त्या कमी केलेल्या १० किलो शेणाइतका किंवा थोडा जास्त गॅस देतो. "तिप्पट गॅस" सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. खरा फायदा हा की एक म्हैस आटली किंवा विकली तरी चूल चालू राहते, आणि थोडी तरी नरवाई जाळायची वाचते.

काडी बोटाच्या पेरापेक्षा लांब नको, अर्धं पेर उत्तम. कुट्टी मशीन असेल तर दोनदा काढा. मळणीतून निघालेला सोयाबीनचा भुसा बारीक दिसतो पण त्यात जाड देठ असतात, ते चाळून काढा.

जिवाणू कुठे घालायचे

टाकीत नाही, टाकीच्या बाहेर. या पोस्टमधलं एवढं एक जरी केलंत तरी पुष्कळ.

हे शिकायला इंदूरकरांना लांब जायची गरज नाही. १९२४ ते १९३१ या काळात आपल्याच शहरात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा कुजवायची जी रीत बसवली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. ते खत करत होते, गॅस नव्हे. पण काडीशी झगडण्याच्या त्यांच्या तिन्ही युक्त्या आपल्याला लागू आहेत. कपाशीची टणक देठं ते गाडीवाटेवर पसरायचे, म्हणजे चाकांखाली चिरडून निघायची. आंबटपणा मारायला राख घालायचे. आणि नव्या ढिगाला विरजण म्हणून दहा-पंधरा दिवसांच्या ढिगातला, बुरशी धरलेला माल लावायचे. विरजण हा शब्द माझा, पण काम तेच.

गॅससाठी ते असं करा. आठवड्याचा १५ किलो भुसा घ्या. प्लांटमधून नुकत्याच बाहेर आलेल्या स्लरीने तो भिजवा, मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंब पडतील इतकाच. त्यात दोन ओंजळी राख आणि दोन-तीन लिटर गोमूत्र. सावलीत ढीग करून ओल्या गोणपाटाने झाका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात घातला तर चटका बसेल इतका तो तापतो. पाचव्या ते सातव्या दिवशी काडी तपकिरी, मऊ होते. मग त्यातून रोजच्या २ किलो भुशाच्या हिशेबाने शेणात कालवत जा. भुसा आधीच भिजलेला असल्याने वजन वाढलेलं असतं, म्हणून वजनाने नाही, ढिगाचे सात सारखे भाग करा आणि रोज एक भाग घाला. आणि त्याने प्यायलेली स्लरी धरून पाणी चार-पाच लिटर कमी घाला.

ढीग वापरायला लागण्याआधी सात दिवसांपेक्षा जास्त थांबू नका. हवेतले जिवाणू भुसा खातात तेव्हा तो गॅस टाकीत नाही, आकाशात जातो. जो ढीग वीस दिवस चांगला कुजला, त्यातून खत उत्तम मिळेल, गॅस नाही.

गोमूत्र नत्रासाठी. गव्हाच्या भुशात एका भाग नत्राला ८० किंवा त्याहून जास्त भाग कर्ब असतो, जिवाणूंना २० ते ३० हवा. ताजं शेण त्या मापात आपोआप बसतं. सोयाबीनच्या भुशात नत्र गव्हापेक्षा जास्त, त्याला निम्मं गोमूत्र पुरे. स्लरीला डोळे झोंबवणारा अमोनियाचा वास आला तर नत्र जास्त झालं, गोमूत्र थांबवा. जनावरांसाठी भुशावर युरियाची प्रक्रिया करता (१०० किलोला ४ किलो युरिया, तीन आठवडे हवाबंद), तो भुसाही प्लांटला चालतो, कारण त्यातल्या अमोनियाने काडी सैल होते. पण मग गोमूत्र अजिबात नको.

बाजारातलं पाकीट उलटं करून वाचा. ट्रायकोडर्मा किंवा बॅसिलस लिहिलेलं असेल तर ते वाया गेलेलं नाही, ते या ढिगात घाला. ट्रायकोडर्मा ही हवेत वाढणारी बुरशी आहे, टाकीच्या आत गुदमरून मरते. धिंगरी अळिंबी लावणारं कुणी जवळ असेल तर काढणी झाल्यावरचा त्यांचा भुसा मागून आणा. ती बुरशी लिग्निनच खाते, तीन-चार आठवड्यांचं काम तिने आधीच केलेलं असतं. मला मिळालेला सगळ्यात सोपा, सगळ्यात चांगला माल तोच.

आणि शेण आजचं वापरा. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात हवेशिवाय जगणारी एक बुरशी असते, ती काडीत मुळासारखी घुसून तिला आतून फोडते. ताज्या शेणातून ती बाहेर येते. दोन दिवस उन्हात पडलेल्या शेणात तिचा आणि मिथेनवाल्यांचा बराचसा भाग मेलेला असतो.

विरजण कधी लागतं, आणि ते लागतंय का हे बाटलीत कसं बघायचं

टाकी उपासानंतरही दोन-तीन आठवड्यांत उठली नाही, किंवा औषधाने खरंच मेली, तरच बाहेरून जिवाणू आणायचे. तेही पाकिटातून नाही, चांगल्या चाललेल्या शेजारच्या प्लांटमधून. टाकीच्या दहाव्या हिश्शाइतकी स्लरी, म्हणजे २ घनमीटरला ४०० लिटर. भुसा खाणाऱ्या प्लांटची मिळाली तर सोनं, कारण तिथली वस्ती काडीला सरावलेली असते. स्लरी आणायचे डबे काठोकाठ भरा म्हणजे आत हवा राहत नाही, पण झाकण घट्ट आवळू नका, वाटेत गॅस बनून ते उडू शकतं. त्याच दिवशी घाला.

कोणतंही कल्चर विकत घेण्याआधी ही चाचणी करा. लिटरच्या दोन बाटल्या, दोन्हींत पाऊण भाग तुमचीच स्लरी आणि एक-एक चमचा बारीक भुसा. एकीत कल्चर, दुसरीत नाही. गूळ कशातच नाही. तोंडाला झाकण नाही, फुगा बांधा. दोन्ही एकाच उबदार, अंधाऱ्या जागी, चुलीपासून लांब, पंधरा दिवस. हातोदला एका डेअरीवाल्या भाऊंनी बरंच महागडं कल्चर मागवायचं ठरवलं होतं. पंधराव्या दिवशी दोन्ही फुगे सारखे होते. त्यांनी ते पैसे कुट्टी मशीनच्या पात्यांवर घातले.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पोपडा वरून बांबूने फुटत नसेल, ड्रम जागचा हलत नसेल, डोमला (ड्रमऐवजी पक्का बांधलेला घुमट असतो त्याला) चीर असेल, स्वयंपाकघरातल्या पाइपात गळती असेल, किंवा उपास, सोडा आणि विरजण हे तिन्ही करून महिना झाला तरी सामू ६.५ च्या वर येत नसेल, तर तुमचं काम संपलं. शेवटच्या बाबतीत स्लरी प्रयोगशाळेत जायला हवी. निकेल, कोबाल्टसारखी सूक्ष्म द्रव्यं कमी आहेत का, हे घरी कळत नाही आणि अंदाजाने ती घालायची नाहीत.

टाकीत कुणीही उतरायचं नाही. रिकामी केली तरी नाही, ड्रम काढून आठ दिवस झाले तरी नाही. तळाचा गाळ हलला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. कमी असताना त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास यायचा थांबतो, म्हणून माणसाला वाटतं की आता धोका गेला. एक जण खाली कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि घरातली दोन माणसं जातात. कुणी पडलंच तर मागून उतरू नका, अग्निशमन दलाला बोलवा. आतलं काम हवा खेळवायचं यंत्र, गॅस मोजायचं यंत्र आणि दोर बांधून वर उभी माणसं असलेल्यांनीच करायचं. तसं सामान न आणता "मी उतरतो" म्हणणाऱ्या कारागिराला परत पाठवा, तो कितीही ओळखीचा असला तरी.

जाणकाराला फोन करताना हे हाताशी ठेवा: प्लांट किती घनमीटरचा, ड्रमचा की डोमचा, रोज किती शेण, किती आणि कसला भुसा, किती पाणी, मागच्या आठवड्यातले सामू, दुपारी दोनचं स्लरीचं तापमान आणि शेगडीची मिनिटं. वही असेल तर निम्मं निदान फोनवरच होतं.